चौथी जागा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, लग्न न झालेली, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायला कोणी येतच नाही. याआधीचं मृत्युपत्र मी फाडलं असून त्याची नक्कल कोणाकडे निघाल्यास ती रद्द समजावी.

१. पुढची खोली म्हणजे कारखाना, आणि मागची राहती खोली, मी पॉलिशवालीला देते. एकवीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून खुर्च्यांना पॉलिश करते आहे, आणि एवढ्या काळात तिने मला एकदाही सोशिक किंवा थोर म्हटलेलं नाही. टोचे, कातऱ्या, वेत भिजत घालायचं घमेलं, सगळं तिचं. वेत पुरता भिजल्याशिवाय विणायला घेऊ नये, ही अट.

२. माझ्या एकुलत्या एका भाचीला मी काहीही देत नाही. खोली नाही, टोचा नाही, पाणी प्यायचं भांडंसुद्धा नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. कारण शेवटी सांगते.

३. माझी ध्यानाची गादी उसवून आतला कापूस जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्रीला अंथरून द्यावा. ती मांडी न घालताही शांत असते.

४. काचेचा ग्लास आणि पुठ्ठा वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना. घरात आलेलं प्रत्येक झुरळ मी ग्लासाखाली धरून, पुठ्ठा सरकवून बाहेर सोडलं. मास्तर जिन्यात उभे राहून विचारायचे, "काय बाई, आज कोणाचा जीव वाचवला?" सगळ्यांचे वाचवले, मास्तर. सख्ख्या बहिणीला तेवढं दार उघडलं नाही.

५. आता ताई. तिला द्यायचं ते वेळेवर दिलं नाही, म्हणून इथे नुसतं लिहून ठेवते.

कारखाना आम्हा दोघींचा होता. सतरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला सहा खुर्च्या घाईने हव्या होत्या. ताईने अर्धवट भिजलेला वेत विणला. मी गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "घेऊ नका, महिन्याभरात तडकेल." ताईने भर कारखान्यात माझ्या कानाखाली वाजवली. मी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. लोक म्हणाले, काय सहनशील बाई आहे. पॉलिशवाली तेवढी म्हणाली, "तुम्हीपण एक ठेवून द्यायची होती. चहापर्यंत मिटलं असतं."

वेत तडकलाच. मी बरोबर होते, आणि ते बरोबर असणं मी पुढे कित्येक वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

त्याच आठवड्यात मी ध्यानवर्गात नाव घातलं. पंधरा दिवसांनी ताई दाराशी आली, कडी वाजवत राहिली. मी आत मांडी घालून बसले होते. उठले नाही. मग तिने दुसरीकडे काम थाटलं.

वर्गात भन्ते मैत्रीभावना शिकवायचे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलग माणसाचं, मग ज्याच्याशी काही संबंध नाही अशाचं, आणि चौथ्या जागी ज्याच्याशी वैर आहे त्याचं. ते पहिल्याच दिवशी बजावत, "चौथ्या जागी जिवंत माणूसच घ्या. आधी खात्री करून घ्या." माझ्या चौथ्या जागी रोज सकाळी ताई. तिथे आलं की माझा डावा गाल तापायचा.

ती आजारी पडली तेव्हा तिची मुलगी, म्हणजे वरच्या दुसऱ्या कलमातली भाची, बोलवायला आली. "मावशी, आई सारखं तुझं नाव घेते. चल ना." मी म्हणाले, "माझ्या मनात अजून राग आहे गं. तो घेऊन कशी येऊ? मन निवळलं की येते."

आठ महिने मी मन निवळायची वाट बघत बसले. मग एका सकाळी ताई चौथ्या जागी आली आणि गाल तापलाच नाही. मी आनंदाने रडले. दुपारी धुतलेले कपडे घालून तिच्या घरी गेले. भाचीने दार अर्धंच उघडलं.

"आई जाऊन आज अठरा दिवस झाले."

"मला कळवायचं नाही?"

"तुझं मन तयार व्हायचं होतं ना. म्हटलं, मध्येच कशाला त्रास द्या."

भन्त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणून तर जिवंत माणूस घ्यायला सांगतो. समोर कोणी उरलं नाही की, आपल्याला ते ठाऊक नसलं तरी, राग आपोआप उतरतो, आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो." त्यांच्या शिकवणीत खोट नव्हती. मी त्या शिकवणीआड लपून ताईला मारत राहिले, हात न उचलता. मला माझीच शिसारी येते. माझ्यामागे माझ्या अहिंसेवर कोणी भाषण करू नये.

६. बँकेतल्या शिलकीतून, ताई इस्पितळात ज्या वॉर्डात होती तिथे प्रत्येक खाटेजवळ एक वेताची खुर्ची द्यावी, भेटायला येणाऱ्यांसाठी. विणकाम पॉलिशवालीने करावं.

७. माझ्या चौथ्या जागी आता भाची आहे. तिने अठरा दिवस कळवलं नाही, याचा राग गेलेला नाही. ती जिवंत असल्याची खात्री मी दर रविवारी फोन करून घेते. ती "हं" म्हणते आणि ठेवून देते.

तिला काही न देण्याचं कारण असं. ज्याला काही मिळणार आहे त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असं वकिलांनी सांगितलं. तिला खोली दिली असती तर ती मी मेल्यावर आली असती. साक्षीदाराला मी जिवंत असताना, माझ्यासमोर यावं लागतं. काल फोन केला.

"सहीला येशील?"

"मला काय मिळणार?"

"काही नाही."

या वेळी तिने फोन ठेवून दिला नाही. मग म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, मावशी."

"घेऊनच ये," मी म्हणाले.

वर लिहिलेलं सगळं मी दोनदा वाचलं असून ते मला मान्य आहे.

ठिकाण: कारखाना, खिडकीजवळची खुर्ची. दार उघडं ठेवून.
दिनांक: महिन्याची नऊ तारीख, शनिवार, दुपारी चार.

सही: धाकटी, खुर्च्या विणणारी

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही. (चष्मा विसरल्यामुळे मजकूर वाचलेला नाही.)

साक्षीदार दुसरी: भाची. सही. (शेजारी तिच्याच अक्षरात:) आई शेवटच्या दिवशीही विचारत होती, कडी वाजली का. राग आहे. आले आहे.