मास्तरांचं मशीन

२७ डिसेंबर
वर्षाचा आढावा. एकंदरीत वर्ष उत्तम. जुनी सिस्टिम मोडून नवी लिहायची होती, ती डोक्यात पूर्ण तयार आहे. फक्त टाइप करायची राहिली.
मास्तर गेले, तेवढं एक वाईट झालं. शेजारच्या टेबलावर बसायचे. मला कोड लिहायला त्यांनी शिकवलं असं सगळे म्हणतात. मी म्हणेन, मार्गदर्शन केलं.

२८ डिसेंबर
मास्तरांच्या टेबलाखालचं मशीन अजून चालूच आहे. कशासाठी, कुणालाच माहीत नाही. मधूनच त्याचा पंखा खोकल्यासारखा घरघरतो. मास्तरांना दमा होता. योगायोग.
आज त्यांची खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती. एसीच्या वाऱ्याने फिरत असणार. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. दुपारपासून खिडकीजवळ बसायला लागलो. तिथे उजेड चांगला आहे.

३० डिसेंबर
बायको म्हणते, मी झोपेत "बघतो मास्तर, करतो मास्तर" असं बडबडतो. काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, एकदा भेटून ये, मग शांत झोपशील, म्हणाली. मी म्हटलं, रिलीज झालं की जाऊ. तिने विचारलं, कुठलं रिलीज? विषय बदलला.

३१ डिसेंबर
संकल्प. नवी सिस्टिम मार्चच्या आत. (फेब्रुवारीतच होईल, पण साहेबांना मार्च सांगायचा.) कुणावर चिडायचं नाही. ऑफिसातली अडगळ काढायची. काकूंकडे जायचं.
शेवटचा नंतर खोडला. संकल्प मोजकेच असावेत.

१ जानेवारी
ऑफिसात चिटपाखरू नाही. मास्तरांचं मशीन बंद केलं. बटण दाबल्यावर एवढी शांतता पसरली की मी "सॉरी" म्हणालो. सवय.
अडगळीचा संकल्प पहिल्याच दिवशी फत्ते. हे वर्ष माझं.

३ जानेवारी
काकूंचा फोन. वाटलं, अजून आला का नाहीस म्हणून विचारणार. निघालं वेगळंच. त्या बीपीची गोळी विसरायच्या, म्हणून मास्तरांनी एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. रोज सकाळी मोबाइलवर मेसेज: "गोळी घे." मास्तर गेल्यावरही तो येत राहिला. कालपासून येत नाही.
"माझा फोन बिघडलाय का रे?" काकू म्हणाल्या.
मी सांगितलं, ऑफिसात मेन्टेनन्स चालू आहे. पाच मिनिटांचं काम.

४ जानेवारी
मशीन चालू होत नाही. बटण दाबलं की एकदा घरघरतं आणि गप्प. वय झालं होतं, माझा काय दोष? नवा प्रोग्रॅम मी लिहिणार. आधुनिक पद्धतीने.

६ जानेवारी
प्रोग्रॅम चालला. फारच चालला. काकूंना "गोळी घे"चे मेसेज एकामागून एक जात राहिले. त्यांनी शेजारणीला बोलावून विचारलं, इतक्या गोळ्या घ्यायच्या असतात का? शेजारीण शहाणी, म्हणून निभावलं. प्रोग्रॅम पुसून टाकला. त्याचे फायदे कुणाला समजावत बसणार?

७ जानेवारी
तात्पुरती सोय. मीच सकाळी ऑफिसच्या नंबरवरून हाताने पाठवणार, तो मोबाइल घरी आणलाय. आज पाठवला: "कृपया गोळी घ्यावी."
काकूंचं उत्तर आलं: "तू आहेस ना? ते कृपया म्हणत नसत. असू दे. पाठवत जा."
स्क्रीनकडे एकटक बघितलं की डोळ्यांना पाणी येतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

१५ जानेवारी
सिस्टिम अजून डोक्यातच. साहेबांना आता जून सांगितलाय. रविवारी काकूंकडे जायचं ठरलं होतं, बायको तयार होऊन बसली आणि नेमकं माझं डोकं दुखायला लागलं. मशीन बंद आहे, तरी घरघर ऐकू येते. कान तपासून घ्यायला हवेत.
मेसेज मात्र रोज वेळेवर जातो. इतकं भरवशाचं सॉफ्टवेअर मी आजवर लिहिलेलं नाही.

२० जानेवारी
उशिरा जाग आली. धडपडत मोबाइल उचलला. काकूंचा मेसेज आधीच येऊन पडला होता.
"गोळी घेतली. तू उठलास का?"