येळवशीला धबधबा

११ डिसेंबर, गुरुवार
जेवताना हे म्हणाले, "औंदा येळवशीला शेतात नगं. चिंचोळीच्या जंगलात धबधबा हाय, तीन टप्प्यांचा. त्यो बघून यिऊ."
घास हातातच राहिला. लग्न होऊन आल्यापासून एकही येळवस दुबलगुंडीच्या शेताबाहेर झालेली नाही. त्या अमावास्येला अख्खा बीदर जिल्हा आपापल्या शेतात जेवतो आणि आम्ही धबधबा बघणार. तेही डिसेंबरात. पाणी तरी असतं का?
काहीतरी शिजतंय.

१३, शनिवार
महेशचा हैदराबादहून फोन. येळवशीला येतोय, गाडी घेऊन. दोन वर्षं चिरंजीवांना रजा मिळत नव्हती, आता बरी मिळाली. "पप्पा बोलवलेत का तुला?" तर म्हणे, "न्हाई गं, मलाच बघायचाय धबधबा." बापलेकांचं गुळपीठ! एरवी एका सोफ्यावर बसत नाहीत दोघं.

१५, सोमवार
कपडे काढायला गच्चीवर गेले. हे टाकीमागे उभे, कानाला फोन. "धा वाजल्यावर तिथं कोन बी नसतंय. निवांत या. शिवप्पाला सांगून ठिवलोय."
मला बघून फोन बंद. कोण होतं? "राँग नंबर." राँग नंबरला निवांत या म्हणतात होय!
शिवप्पा म्हणजे आमचं शेत बटईने करणारा. म्हणजे विषय शेताचाच. शेत विकायला काढलंय, गिऱ्हाईक बघायला येणार, आणि मी आडवी येऊ नये म्हणून मला जंगलात नेतायत. सासूबाईंनी मरताना माझ्या हातात हात ठेवून एवढं एकच सांगितलं होतं, शेत मोडू नका.

१६, मंगळवार
शिवप्पाला फोन लावला.
"कोपी करायलास का औंदा?"
"करायलोय की वैनी."
"आमी येत न्हाई म्हणून मालक बोलले न्हाईत का?"
"बोलले की." मग म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून ठेवून दिला.
कडब्याची कोपी उभी करायची ती आत पांडवांचे दगड मांडून पूजा करायला. आम्ही जाणार नाही तर कोपी कुणासाठी? गिऱ्हाईक काय पूजा करून शेत घेतंय?

१८, गुरुवार
तुरीच्या शेंगा बाजारातून आणल्या. शेत असून. (अजून आहे ना?) मीही ठरवलंय, जायचं तिथं जाऊ, पण सैपाक येळवशीचाच. दाणे-पालेभाजीची भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, खीर. महेश आज आला, म्हणे पुलाव कर, सोपं पडेल. त्याच्याकडे एवढ्या रागाने बघितलं की भाजी निवडायला बसला.

१९, शुक्रवार. येळवस.
रस्ताभर ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, सगळ्यांची तोंडं शेताकडे. एक आमचीच गाडी जंगलाकडे. गेटवरच्या गार्डाने आधी कन्नडात विचारलं, मग आपल्यात, "आज येळवस, अन् तुमी हिकडं? शेत न्हाई का तुमाला?" हे खोकले. मी म्हटलं, "ह्यांनाच इचारा."
सागाचा पाला पायाखाली वाजत होता. अर्धा तास चाललो. पाणी होतं. माझा अंदाज चुकला, तेही आवडलं नाही. खालच्या टप्प्याला रुंद कातळावरून पातळ पाणी पसरत येतं, खाली डोह. तिथंच बसू म्हटलं तर हे, "अजून वर." मधला टप्पा शेवाळाचा, पाय ठरत नाही. ह्यांनी हात धरला. किती वर्षांनी! एवढ्या मायेचं कारण काय, हाच विचार करत चढले.
महेश मागून म्हणाला, "वर चला पप्पा, वर रेंज येती." आणि जीभ चावली.
सगळ्यात वर सपाट कातळ, झाडांतून येणारी पाण्याची एकच धार, पलीकडे वानरं. सुंदर होतं. तेवढं लिहायला हवं.
मी पाच दगड मांडले, हळदकुंकू लावलं, आंबिल शिंपडली. ह्यांचा फोन वाजला. वाचलं, चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग भज्जी मागून घेतली, दोनदा. सौदा झाला असणार, म्हटलं.
मग उठून पाण्यातला एक बारका दगड आणून माझ्या पाचांशेजारी ठेवला.
"हे कामून?"
"असंच. द्रौपदी."
हा उद्योग अक्कांचा, ह्यांच्या थोरल्या बहिणीचा. लहानपणापासून पाच पांडवांना सहावा दगड जोडायच्या, द्रौपदी उपाशी कामून म्हणून. सासूबाई गेल्या त्या वर्षी अक्का म्हणाल्या, मला वाटणी नको, येळवशीला तेवढं बोलवत जावा. मी चारचौघांत म्हणाले, आज येळवस म्हणतील, उद्या वाटणी. या शेतात पुन्हा पाय ठेवायचा नाही. नाही ठेवला त्यांनी. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.
सरळ विचारलं, "शेत ठिवलात का घालवलात?"
"हाय की. कुठं जातंय?" नजर मात्र पाण्यात.

२०, शनिवार
महेश पहाटेच गेला. जाताना पाया पडला. तेही संशयास्पदच, कधी पडत नाही.

२२, सोमवार
दुखऱ्या दाढेचं निमित्त सांगून निघाले. हुमनाबादपर्यंत बस, पुढे ऑटो.
शेत जागेवर आहे. तूर शेंगांनी वाकलीय, ज्वारी पोटऱ्यात. मोजणीची खूण नाही, कुणाचा खुंटा नाही. बांधावर बसून आधी रडून घेतलं. मग कोपीत डोकावले.
चुन्याने रंगवलेले दगड, वाळलेली फुलं. पाच. आणि शेजारी सहावा, बारका, त्यालाही हळदकुंकू.
शिवप्पा आला. "कोन आलतं रं?"
"मला नगा इचारू वैनी. तुमचं तुमी बघा." चार पावलं गेला आणि परत आला. "काठी टेकत आलत्या. लई रडल्या."
रागच आला. शेत विकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आता कशावर भांडू? माझ्याच घरातल्या दोघांनी मला डोंगरावर चढवलं, का, तर एका बाईला दोन तास तिच्या बापाच्या शेतात बसता यावं! एवढी भीती वाटते माझी?
सहावा दगड उचलला, तुरीत भिरकावायचा म्हणून. हात उठला नाही. पिशवीत टाकला.

२३, मंगळवार
दगड ओट्यावर ठेवलाय, मिठाच्या बरणीजवळ. ह्यांनी विचारावं म्हणूनच.
चहा घेताना ह्यांची नजर गेली. कप तसाच राहिला. "दाढ कशी हाय?" एवढंच म्हणाले. "दुखायलीय," म्हटलं.
पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, काढून नाव बघावं असं सकाळपासून मनात येतंय. एका दिवसापुरतं बोलवलं की शेतच लिहून दिलं? ह्यांना विचारलं तर खरं सांगतील. म्हणूनच विचारलेलं नाही.
दुपारी झोपून उठले तर दगडाला हळदकुंकू लावलेलं. घरात आम्ही दोघंच.
फडकं घेऊन गेले. सगळा ओटा पुसला. दगडाभोवतीचा तेवढा सोडला.