धुळ्याचं ऊन जास्त की जळगावचं?

जळगाव,
मे महिना, भर दुपार

आदरणीय लीलाधरभाऊ यांस,

धाकट्या साडूचा, म्हणजे योगराजचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. फरशी तापलेली आहे.) आम्ही इकडे उन्हासकट सुखरूप आहोत. आपली शुगर, कामिनीताईंची कंबर आणि आपला कूलर या तिघांच्या तब्येती कशा आहेत? हातात मोबाईल असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं आपल्या मनात येईल. पण फॅमिली ग्रुपवर काहीही टाकलं की घरातलं कुणीतरी ते अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवतं, आणि विषय नेमका अक्कांचाच, म्हणजे आपल्या दोघांच्या सासूबाईंचाच आहे.

गेल्या वर्षी दोंडाईच्याला घरच्या पत्र्याखाली अक्कांना चक्कर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, की मे महिना यांनी लेकीकडे काढावा. ज्या लेकीच्या गावात ऊन कमी, तिच्याकडे. डॉक्टर बाहेरगावचे असावेत. धुळे आणि जळगाव यांतलं थंड कोणतं हे विचारणं म्हणजे दोन निखाऱ्यांतला गार कोणता हे विचारण्यासारखं आहे. आजवर आपण दोघंही आपापलं गाव जास्त तापतं म्हणून अभिमानानं भांडत होतो. यंदा मात्र त्या भांडणाला अर्थ आला, कारण जो जिंकेल त्याच्याकडे अक्का राहणार नव्हत्या.

अक्कांबद्दल माझी तक्रार शून्य होती. (शून्य म्हणजे मोजता येईल इतकी नव्हती, एवढंच.) एप्रिलअखेर त्या आमच्याकडे आल्या, दुसऱ्या दिवशी कूलरचं तोंड त्यांनी आपल्या खाटेकडे फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले. कावळे हाकलायला घरात रिकामा माणूस कोण, तर सुट्टीवर असलेला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. मी डोक्यावर ओला पंचा आणि हातात काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. समोरच्या गच्चीवरून माझेच माजी विद्यार्थी मला ‘सर, नमस्कार’ म्हणत होते. तेव्हा मी ठरवलं, की जळगाव जास्त तापतं हे आता शास्त्रानं सिद्ध करायचं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला, टाकीच्या सावलीत सुतळीनं टांगला आणि भर दुपारी तीनदा वाचन घेतलं. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. सरासरीला कॅल्क्युलेटरनं सत्तेचाळीसच्या पुढे पडदा भरून तिऱ्या दिल्या. मी विनयानं दोनच ठेवल्या आणि ग्रुपवर ४७.३३ टाकलं. आता भाऊ, बारावीच्या पोरांना मीच शिकवतो, की ज्या नळीवर एकेक डिग्रीच्याच रेघा आहेत तिच्यावरून फार तर अर्ध्या डिग्रीचा अंदाज करावा. त्यापुढचे आकडे सार्थ नाहीत, ती कॅल्क्युलेटरची बडबड आहे. असं उत्तर लिहिणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापतो. पण ग्रुपवर मार्क कापायला कोणी नव्हतं. आपण मोबाईलमध्ये बघून नुसतं ‘४५’ टाकलंत. चार आकड्यांपुढे दोन आकडे टिकणार कसे? वर सलग आठ दिवस माझा थर्मामीटर तेच सांगत राहिला. इतका एकवचनी साक्षीदार कोर्टातसुद्धा मिळत नाही. निकाल लागला, अक्कांनी पिशवी भरली आणि कामिनीताई त्यांना धुळ्याला घेऊन गेल्या.

निघताना अक्का मला एवढंच म्हणाल्या, “जा म्हनानं व्हतं ते सरळ म्हनानं ना, जवाईबापू. त्या कांडीले उनमा कशाले तपाडं?” मी त्यांची बॅग एसटीत चढवली.

पुढे काय झालं ते सांगतो. आईला असं पाठवलं म्हणून नूतन तीन दिवस माझ्याशी गरजेपुरतं बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, की ही नळी बरोबर आहे हे कशावरून? वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी हजार पोरांना विचारला असेल. मला कुणी विचारला नव्हता. तिच्यासमोर भांडंभर बर्फ फोडला, थोडं पाणी घातलं, त्यात थर्मामीटर उभा केला. विरघळत्या बर्फात शून्य यायला हवं. आले तीन. जळगावच्या उन्हाळ्यात बर्फालाही थोडा ताप असू शकतो असं मी म्हणून पाहिलं, पण ते मान्य झालं नाही. पुन्हा पाहिलं, तीन. तिसऱ्यांदा, तीन. म्हणजे साक्षीदार शब्दाचा पक्का होता, फक्त खोटा होता. दर वेळी तेच वाचन येणं वेगळं आणि ते खरं असणं वेगळं, हा माझा जूनमधला पहिलाच तास असतो, आणि मी तो दर वर्षी फार चांगला घेतो.

तेव्हा जळगाव सत्तेचाळीस नव्हे, चव्वेचाळीस. तशी दुरुस्ती मी कालच ग्रुपवर जाहीर केली. नियमाप्रमाणे अक्का इकडे यायला हव्यात. पण आपण लगेच लिहिलंत, की एका डिग्रीच्या फरकासाठी म्हातारीला एसटीत बसवायचं का. आणि खाली आपला फोटो: गच्चीवर, काठीसकट, शेजारी कुरडयांचं ताट, हातात चिकाची वाटी आणि तोंडावर असं समाधान, जे मी आपल्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तो फोटो मला फार लागला. भाऊ, मी गच्चीवर असायचो तेव्हा अक्का ताकाचा गडू घेऊन वर यायच्या, टाकीच्या सावलीत टेकायच्या आणि रोज विचारायच्या, “आज कितला शे?” मी सांगायचो. त्या मान हलवून म्हणायच्या, “काल बी तितलाच व्हता. मेहनत वाया नही गयी.” माझ्या वाचनाची आजवर कुणी वाट पाहिलेली नाही. पोरं जर्नलात आकडे मित्राचे उतरवतात आणि प्राचार्य नुसती सही करतात. आता मी दुपारी वर जातो, काठी घेऊन बसतो. गच्चीवर वाळवण नाही, कावळेही येत नाहीत. मला अक्कांशिवाय करमत नाही. लिहून टाकलं.

असो. हा भावनेचा प्रश्न नाही, शास्त्राचा आहे. जळगावचं ऊन माझ्या नळीनं मोजलं आणि धुळ्याचं तुमच्या मोबाईलनं. अशी तुलना कोणताही परीक्षक फेकून देईल. दोन्हीकडे साधन एकच हवं. म्हणून तोच थर्मामीटर कापसात गुंडाळून सोबत पाठवत आहे. सावलीत टांगावा, डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवावा, तीनदा वाचावा, आणि कृपा करून दशांश चिन्हापुढे काही लिहू नये. येणारा निकाल मी निमूटपणे मान्य करीन. शास्त्रापुढे साडू काय आणि सासू काय.

कामिनीताईंना नमस्कार. अक्कांच्या पायांवर माझं डोकं ठेवल्याचं सांगावं.

आपला आज्ञाधारक धाकटा साडू,
योगराज

ता. क. : पार्सलात बिबडे आहेत. ते अक्कांनीच केलेले आहेत, तेव्हा चवीचं श्रेय नूतनला देऊ नये. कडेचे कुरतडलेले आहेत, ते माझ्या पहाऱ्यातले.

आणखी एक ता. क. : वाचन शक्यतो अक्कांसमोर घ्यावं. त्या “कितला शे?” म्हणून विचारतीलच. तेव्हा नळी जे म्हणेल तेच मोठ्यानं सांगावं. हात जोडून विनंती आहे भाऊ, त्यातून तीन वजा करू नका.