माझ्या बोटाचा आकडा

डॉक्टरबाई,

कागदावर साखर चांगली दिसली की माणसाला यादीतून काढून टाकायचं, ही कुठली डॉक्टरकी? माझ्या थोरल्या जावेचं नाव तुम्ही फुकट इन्सुलिनच्या यादीतून काढलंत. "साखर आटोक्यात आलीय," म्हणालात. एकदा त्यांच्या पायाकडे तरी बघायचं होतं. अंगठा काळा पडलाय, आणि तो त्यांना दुखतसुद्धा नाही.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन इथपर्यंत येऊन फाडली.

घरोघरी जाऊन बोटं टोचायची आणि आकडे लिहायचे, हे काम तुमच्या साखरेच्या अभ्यासासाठी वर्षभर तुम्ही मला दिलंत. जाऊबाई सुई बघूनच ओरडायच्या, "आधी स्वतःचं बोट टोच, मग माझ्याकडे ये!" दर आठवड्याला त्यांच्याशी कोण हुज्जत घालणार? मी खरंच दर वेळी माझंच बोट टोचलं आणि आकडा त्यांच्या नावावर लिहिला. मला साखर नाही. मोठ्या सभेत तुम्ही त्यांचाच आकडा पडद्यावर दाखवलात. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

घरात हे कोणाला माहीत नाही. जाऊबाई तर, सुई टाळल्याचं लपवायला, अजून सगळ्यांना सांगतात, आमच्या धाकटीचा हात हलका, टोचलेलं कळतसुद्धा नाही.

तुमचा अभ्यास मी नासवला. माझं काम काढून घ्या, चारचौघांत शिव्या घाला. पण त्यांचं नाव आधी परत घाला. नुसता अंगठा कापायचा की गुडघ्यापासून पाय, ते सर्जन शुक्रवारी ठरवणार आहेत. मला गुरुवारच्या आत उत्तर पाहिजे.

तुमची वस्तीतली सुईवाली