ताप उतरल्यानंतर

आई, अण्णा वाचला. आधी हे सांगते, बाकीचं मग.

तू गेलीस तेव्हा डेंग्यू हा शब्द आपल्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता. विद्यानगरात नळाला आठवडा आठवडा पाणी यायचं नाही, म्हणून तू न्हाणीघरात पिंपं भरून ठेवायचीस. डास भर दिवसा चावायचे, आपण झटकून टाकायचो. मग तुझं अंग तापलं, डोळ्यांमागे ठणकू लागलं, आणि एका सकाळी ताप उतरला. ती सकाळ मला अजून दिसते. तू ओट्यापाशी उभी आहेस, केस बांधतेस, म्हणतेस, "गेला बाई एकदाचा!" अप्पा निश्चिंत होऊन कचेरीत जातात. दुपारी तू पोट धरून भिंतीशी बसतेस, उलटी होते. शेजारच्या काकू हात लावून बघतात. "गार आहे की, आता ताप नाही." संध्याकाळी तू डोळे उघडले नाहीस.

गेल्या महिन्यात अण्णाचं तसंच झालं. रक्त तपासून डेंग्यू कळला होता. भरपूर पाणी प्या, अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पेज घेऊन गेले तर हा शर्ट चढवत होता.

"ताप नाही आता. दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन दुकान उघडतो."

"पोट दुखतंय?"

"थोडं. सकाळपासून उलट्या होतायत. एनू आगल्ल, काही होत नाही मला."

मी त्याचा हात धरला. गार, ओलसर. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"दुकान नाही, दवाखाना."

वहिनी म्हणाली, "ताप उतरलाय की, वन्सं."

"म्हणूनच. आई अशीच उतरल्या तापात गेली."

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्यात कुणी उच्चारलं नव्हतं. अण्णा बटणं न लावताच रिक्षात बसला.

डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय. ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं. वेळेवर आणलंत." सलाईन लावलं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, लघवी होते का विचारत राहिले. हळूहळू त्याचे हात उबदार झाले. मग एका सकाळी डोळे उघडून म्हणाला, "चुरमुऱ्यांचं गिरमिट आणा कुणीतरी." वहिनी हसता हसता रडली. मीही बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. येणारेजाणारे धीर देत होते.

वेळेवर लावलेलं सलाईन आणि लक्ष ठेवणारं माणूस. एवढंच हवं होतं, आई?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि अण्णाला तर मी ते दाखवणारच नाही. तो वाचल्याचा आनंद होताच. पण त्या जिन्यात, तुझ्या वतीने, मला त्याचा हेवा वाटला.