संघाच्या जेवणाची पाळी

माय, परवा रविवारी तो माझ्याकडे जेवून गेला. आपल्या दोंडाईच्याच्या कबड्डी मंडळाचा तो, चढाईवाला. तुला ओळख पटवायची गरज नाही, बाच्या तोंडी भाकरीच्या आधी त्याचं नाव यायचं. आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय, गुडघा धरून जिना चढला. मी धुळ्यात मुख्याध्यापिका आहे हे त्याला कुठून तरी कळलं, आणि नातवाच्या प्रवेशासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन बायकोसकट हजर. प्रवेश त्या मुलाला त्याच्या गुणांवर मिळालाच असता. पण नाही, गावची ओळख काढायची होती. 'आता जेवूनच जातो,' म्हणाला, स्वतःहून. मी वाढत होते आणि मला त्या माणसाची शिसारी येत होती, इतकी की माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

खरं सांगू, लहानपणी ते सात जण माझे देव होते. आपण बौद्ध, दीक्षेनंतर घरातून देव्हारा गेला, उपास गेले, नवस गेले, आणि त्या रिकाम्या जागी मी ही पोरं बसवली. दिवसभर मालधक्क्यावर पोती वाहून बाचा खांदा सोललेला असायचा, तरी संध्याकाळी त्याच खांद्यावर बसवून तो मला मैदानावर न्यायचा. अजून दिसतं मला. हा चढाईला निघतो, दम घुमतोय, तिघे एकदम त्याच्या अंगावर पडतात, आता गेला असं वाटतं, आणि त्या ढिगाखालून एक हात सरपटत येऊन मध्यरेषेवर बोटं टेकवतो. बा ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. शिरपूरचा अंतिम सामना जिंकून ट्रकमधून आले तेव्हा बाने त्यालाही खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा बाचा खांदा चालला त्याला. गुलालाने दोघांची तोंडं ओळखू येत नव्हती, आणि घरी आल्यावर बाने तो सदरा तुला लवकर धुवू दिला नाही.

मंडळाची रीत होती ना, सरावाच्या दिवसांत संघाला जेवू घालायची पाळी वस्तीत घराघराला लागायची. आपल्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी सहावीत असताना बाने हट्टाने पाळी मागून घेतली. तू कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलीस, लाकडी बडगीत ठेचलीस, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्यास, शेजारून सतरंजी आणलीस. ते आले आणि अंगणातच उभे राहिले. त्या चढाईवाल्याने हात जोडले. "मावशी, आज आम्हना बठ्ठासना उपास शे." तू नुसती ओशाळलीस. सातही जणांचा उपास एकाच दिवशी कसा, हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. उपास सोडून आपल्याला इतकी वर्षं झाली होती की कुठल्या वारी कुणाचा असतो हेच ध्यानात राहिलं नव्हतं. उलट बा तुझ्यावरच चिडला, आधी चौकशी करायला काय झालं होतं म्हणून.

आणि मग तू काय केलंस? पुढच्या वर्षी पाळी आली तेव्हा पलीकडच्या मास्तरीणबाईंकडे जाऊन उपासाचं शिकून आलीस. भगर, शेंगदाण्याची आमटी, सैंधव मीठ. कांद्याचा वास नको म्हणून त्यांचीच कढई मागून आणलीस. माझी माय, जिने उपास घराबाहेर टाकला, ती कुणाच्या तरी खोट्या उपासासाठी भगर निवडत बसली होती. याही वेळी ते आत आले नाहीत. "मावशी, पोट बिघडेल शे," म्हणाला. मग बाने आणलेली केळी त्यांनी उभ्याने सोलून खाल्ली, साली अंगणात टाकल्या आणि गेले. सालीतलं चालतं, हाताचं चालत नाही, हे मला फार पुढे कळलं. "खाल्लं ना काहीतरी," बा खुशीत म्हणाला. तू साली गोळा केल्यास.

दिवे लागल्यावर मी मास्तरीणबाईंची कढई परत द्यायला गेले, तर त्यांच्या ओसरीवर सातही जण पंगतीला बसलेले. भरीत-पुरी. बिघडलेलं पोट पुऱ्यांवर पुऱ्या ओढत होतं. मी पळत घरी आले आणि तुला सांगितलं, तर तू माझाच दंड धरलास. "तुना बाले सांगू नको. त्याना जीव शे त्या पोरेसवर." एवढं बोलून तू भगर आपल्या ताटांत वाढलीस. तिसऱ्या वर्षी मात्र पाळी आली तेव्हा तू अंगात कणकण आहे म्हणून झोपून राहिलीस. बा मरेपर्यंत त्यांच्या सामन्यांना जात होता आणि तू त्याला डबा बांधून देत होतीस. माझा तेव्हा तुझ्यावरसुद्धा राग होता.

तर परवा. तो जेवतो म्हणाल्यावर मी मुद्दामच भरीत केलं, बघू म्हटलं आज कुठला उपास काढतो. मिटक्या मारत जेवला. खुर्ची असली की उपास नसतो, माय. आणि मी मालधक्क्यावरच्या अमक्याची मुलगी, असं सांगितल्यावर बोटं चाटत म्हणतो कसा, "अरे वा! तुमच्या आईच्या हातचं भरीत खाल्लंय आम्ही. ती चव अजून जिभेवर आहे." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेल्याने. पळी माझ्या हातात होती. विचारायला हवं होतं, कधी खाल्लंस रे? कुठे बसून खाल्लंस?

काही विचारलं नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तुझ्या भरताचं नाव काढलं, ते धडधडीत खोटं होतं, तरी मला बरं वाटलं. मी त्याला आणखी वाढलं.