तारखा लावलेले डबे

३ मार्च, मंगळवार
खिमा फेकला म्हणून मार खाल्ला. सात दिवसांचा खिमा! शिजवलेलं फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आठ वर्षं हेच करतेय मी. डब्यावर पट्टी, पट्टीवर तारीख. तीच सवय घरी आणली तर ह्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या घराचा दवाखाना केलास?" केस धरले आणि कपाळ फ्रीजच्या दारावर आपटलं. दोनदा.

आणि चुगली कोणाची? सासूबाईंची. खुर्चीत बसल्या बसल्या कचऱ्याच्या बादलीकडे नुसतं बोट दाखवलं. तोंड उघडायचेही कष्ट नाहीत!

४ मार्च, बुधवार
कपाळावर टेंगूळ. कामावर सांगितलं, कपाटाचं दार लागलं. भांडी घासणारी म्हणाली, "तुमच्या घरची दारं फारच हात उचलतात गं."

८ मार्च, रविवार
सोमवारची कोंबडी. सहा दिवस झाले. टाकू का, असं विचारलं — विचारलं फक्त! मानगूट धरून बसवलं आणि वाडगाभर माझ्या घशात कोंबली. "बघू तरी, मरतेस का!" दुपारपासून उलट्या चालू आहेत. आतडी पिळून निघाली.

इथून पुढे ह्यांनी-त्यांनी नाही. तो. त्याने.

९ मार्च, सोमवार
कामावरून बहिणीला फोन केला. "आजच्या आज निघ." कशी निघू? सासूबाईंचे हात कापतात, काडीसुद्धा पेटवता येत नाही. तो ढुंकून बघणार नाही, म्हातारी उपाशी मरेल. बहीण भडकली, "तिनेच तुला मार खायला लावला ना?" खरं आहे. राग आहेच माझा. पण उपाशी ठेवून जाणं मला जमणार नाही.

फ्रीजरमध्ये शिजवलेलं दोन-तीन महिने छान राहतं. महिन्याभराचं करून ठेवते. मग जाते.

१४ मार्च, शनिवार
बावीस डबे झाले. सूप, मऊ भात, कुस्करलेल्या भाज्या. शिजल्यावर दोन तासांच्या आत गार करून आत. तो खूष! "आता कशी वळणावर आलीस." वळणावर म्हणे.

सासूबाईंचा डोळा मात्र डब्यांवर. आज म्हणाल्या, "सगळं मऊच का गं?" ह्या बाईने पुन्हा बोट दाखवलं तर तो माझा जीव घेईल.

१५ मार्च, रविवार
अजून तरी बोललेल्या नाहीत.

१७ मार्च, मंगळवार
जेवायला उशीर झाला म्हणून त्याने गोठलेला डबा काढून माझ्यावर भिरकावला. दगडच तो! मी खाली वाकले. मागे सासूबाई होत्या. खांद्याचं हाड मोडलं. आणि हा आईलाच म्हणतो, "मध्ये कशाला कडमडलीस?"

डॉक्टरांनी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "न्हाणीघरात पाय घसरला." अडखळल्यासुद्धा नाहीत. परत येताना मी विचारलं, इतकं सहज कसं सुचलं? "ह्याचा बापही असाच होता," म्हणाल्या. "चाळीस वर्षं पाय घसरतोय माझा." मी भर रस्त्यात रडले. त्या नाही रडल्या.

२० मार्च, शुक्रवार
उद्या. तो नऊला कामावर जातो, माझी बस दहाची. शेजारीण रोज एक डबा गरम करून सासूबाईंना भरवेन म्हणाली. तिला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. सासूबाईंनाही नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, पण दुसरं आहे कोण?

भीतीने जेवण गेलं नाही. त्याला वाढताना दोनदा घड्याळाकडे बघितलं. त्याने पाहिलं का?

२१ मार्च, शनिवार
तो गेला. मी पिशवी घेऊन बाहेर आले तर फ्रीजर सताड उघडा! सासूबाई, एक हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला, दुसऱ्या हाताने डबे जुन्या चादरीत गुंडाळत होत्या.

"हे बाहेर किती वेळ टिकतं गं?"

"असं गुंडाळलं तर चार-पाच तास. का?"

"म्हणजे तुझ्या बहिणीकडे पोचेपर्यंत टिकेल. चपला घाल मला. वाकवत नाही."